विल्यम विलेट : घड्याळाशी भांडलेला बिल्डर

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे शो झाले. त्याच्या तिकिटांसाठी आपल्या कॉलेजातली निम्मी जनता मोबाइल, लॅपटॉप जे मिळेल ते घेऊन ऑनलाइन रांगेत उभी होती. या बँडचं क्लॉक्स नावाचं गाणं सगळ्यांना पाठ आहे. पण या बँडच्या गायकाच्या, म्हणजे ख्रिस मार्टिनच्या खापरपणजोबांनी अख्ख्या इंग्लंडची घड्याळं पुढे करायचा हट्ट धरला होता, हे किती जणांना माहीत आहे? त्यांचं नाव विल्यम विलेट. ना शास्त्रज्ञ, ना पुढारी. साधा बिल्डर! आज जगातले कितीतरी देश वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करतात, त्याचं मूळ या माणसाच्या हट्टात आहे.

आपल्याकडे डेलाइट सेव्हिंग टाइम नाही, त्यामुळे आधी तो काय प्रकार आहे ते सांगते. ज्यांचा दादा किंवा ताई अमेरिकेत एमएस करतेय त्यांना हे लगेच कळेल. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा तास. पृथ्वी काही तासभर सरकत नाही. तिथले लोक मार्च महिन्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये परत मागे आणतात. असं केल्याने काय होतं? उन्हाळ्यात पहाटे फार लवकर उजाडतं, लोक तेव्हा झोपलेले असतात आणि तो उजेड फुकट जातो. घड्याळ पुढे केलं की सगळे नकळत तासभर लवकर उठतात आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर उजेडाचा एक तास जास्त मिळतो. सूर्य तोच, दिवस तेवढाच, फक्त आपण झीरोची खूण सरकवली. सर्व्हेइंगमध्ये डेटम बदलतो ना, तसंच.

विलेटचा जन्म १० ऑगस्ट १८५६ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, फार्नहॅम या गावी झाला. वडील बांधकामाच्या धंद्यात होते. शाळा संपल्यावर थोडा बाहेरचा अनुभव घेऊन तोही वडिलांच्याच धंद्यात शिरला. बापलेकांनी लंडनच्या चेल्सीसारख्या भागात आणि समुद्रकाठच्या होव्ह गावात सुरेख घरं बांधली. विलेटने बांधलेलं घर म्हणजे पक्कं काम, अशी त्यांची ख्याती झाली. पैसा चांगला मिळाला आणि विलेट लंडनच्या बाहेर, चिझलहर्स्ट इथे मोठं घर घेऊन राहू लागला. त्याला दोन शौक होते. एक, सकाळी घोड्यावरून रपेट आणि दुसरा, संध्याकाळी गोल्फ.

मला वाटतं, या दोन शौकांमुळेच पुढचं सगळं रामायण घडलं. १९०५ सालच्या उन्हाळ्यात एकदा तो पहाटे घोड्यावरून पेट्स वूडच्या जंगलाकडे निघाला होता. लख्ख उजाडलेलं होतं आणि वाटेतल्या घराघरांचे पडदे मात्र अजून बंद! इतका सुंदर उजेड आणि लोक घोरत पडलेत, हे त्याला बघवेना. आणि संध्याकाळी गोल्फ अगदी रंगात आला की अंधार पडायचा, डाव अर्धवट सोडावा लागायचा. त्याने दोन आणि दोन चार केले. लोकांना लवकर उठवणं कठीण, पण घड्याळाला लवकर उठवणं सोपं!

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये लवकर उठण्याला जवळजवळ पुण्याचा दर्जा होता. असेंब्लीला दोन मिनिटं उशीर झाला तर बाहेर उभं राहावं लागायचं. त्यामुळे विलेटबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो आमच्या सिस्टर्सचाच भाऊ वाटला. पण तो त्यातला नव्हता. त्याने कोणाला आळशी म्हणून उपदेश केला नाही. माणसाची सवय न बदलता यंत्राचं सेटिंग बदलायचं, हा त्याचा मार्ग होता. खरं तर हा इंजिनिअरिंगचा विचार आहे.

याचं श्रेय पुष्कळदा बेंजामिन फ्रँकलिनला देतात. ते काही खरं नाही. फ्रँकलिनने १७८४ मध्ये पॅरिसमधल्या एका वर्तमानपत्राला गमतीचं पत्र लिहून लोकांना लवकर उठवून मेणबत्त्या वाचवायचं सुचवलं होतं, पण घड्याळाला हात लावा असं त्यात कुठेही नाही. घड्याळ सरकवायची कल्पना विलेटच्या आधी मांडली ती न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने, १८९५ मध्ये. हा गृहस्थ टपाल खात्यात नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करायचा. ड्यूटी संपल्यावर उजेडात किडे पकडायला मिळावेत म्हणून त्याला घड्याळ तब्बल दोन तास पुढे हवं होतं! एकाला किडे, एकाला गोल्फ. मोठमोठ्या सुधारणांची सुरुवात कधीकधी अशी असते.

विलेटने १९०७ मध्ये स्वतःच्या खर्चाने एक छोटी पुस्तिका छापली. नाव होतं द वेस्ट ऑफ डेलाइट, म्हणजे उजेडाची उधळपट्टी. त्याची योजना आजच्यापेक्षा वेगळी होती. एप्रिलच्या चार रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ वीस-वीस मिनिटांनी पुढे करायचं आणि सप्टेंबरच्या चार रविवारी तसंच वीस-वीस मिनिटांनी मागे आणायचं. म्हणजे भर उन्हाळ्यात घड्याळ ८० मिनिटं पुढे. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. १९०८ चं कॅलेंडर धरलं तर पूर्ण ८० मिनिटांचे १३३ दिवस, म्हणजे सुमारे १७७ तास. एप्रिल आणि सप्टेंबरमधल्या पायऱ्यांचे मिळून आणखी २८ तास. एकूण दोनशे पाच तास उजेड, एका पैशाच्या खर्चाशिवाय! दिव्यांच्या खर्चात देशाचे पंचवीस लाख पौंड वाचतील, असाही त्याचा अंदाज होता.

आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर विलेटला पायरीपायरीने चढणारा रॅम्प इनपुट द्यायचा होता. पुढे सरकारांनी दिला तो एका तासाचा स्टेप इनपुट. शरीराचंही एक रिस्पॉन्स टाइम असतं. एका रात्रीत तासभर झोप काढून घेतली की दुसऱ्या दिवशी लोक पेंगतात. बिल्डर असूनही विलेटला हे कळलं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता प्रश्न येतो की हे तिथेच का सुचलं, आपल्याकडे का नाही? लंडनमध्ये जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांपेक्षा मोठा असतो आणि डिसेंबरमध्ये आठ तासांचाही नसतो. मूळच्या घड्याळाप्रमाणे जूनमध्ये तिथे सूर्य पावणेचारच्या आधीच उगवतो! मुंबईत सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकरा तासांचा. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्यांना सूर्य एवढा उजेड जास्तीचा देतच नाही, मग वाचवणार काय?

तर विलेट कामाला लागला. फेब्रुवारी १९०८ मध्ये रॉबर्ट पिअर्स या खासदाराने त्याचं विधेयक पार्लमेंटमध्ये मांडलं. तरुण विन्स्टन चर्चिल त्याच्या बाजूने होते. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयलही होते. पहिल्या समितीचं मत अनुकूल पडलं, पण सरकारने पुढाकार घेतला नाही. १९०९ मध्ये पुन्हा विधेयक, पुन्हा समिती आणि या वेळी प्रतिकूल अहवाल. शेतकरी विरोधात, नाटकवाले विरोधात (बाहेर उजेड असताना थिएटरात कोण येणार?), बरेच खगोलशास्त्रज्ञ विरोधात. शेअर बाजारवाल्यांना न्यूयॉर्कच्या बाजाराशी जुळणारा वेळ कमी होईल याची चिंता. पुढची काही वर्षं विधेयक येत राहिलं आणि आपटत राहिलं. विलेटने धंदा सांभाळून आपला वेळ आणि पैसा यात घातला. लोक हसायचे, व्यंगचित्रं काढायचे. तो मात्र पुस्तिकेच्या नव्या आवृत्त्या काढत राहिला.

इथपर्यंत वाचताना मी पूर्ण विलेटच्या बाजूची होते. मग शेतकऱ्यांचं म्हणणं वाचलं आणि थोडी थबकले. सकाळी गवतावर दव असतं. ते सुकल्याशिवाय गवत कापून रचता येत नाही, आणि दव घड्याळ बघून सुकत नाही. मजूर मात्र घड्याळ बघून घरी जातात. म्हणजे शेतकऱ्याचा कामाचा तास बुडाला! विलेट घोड्यावरून जाताना त्याला बंद पडदे दिसले. पण त्याच वेळी दूधवाला उठलेला होता, बेकरीवाला उठलेला होता, आणि विलेटच्या घोड्याला खोगीर चढवणारा कोणीतरी नक्कीच उठलेला होता. त्यांच्या पहाटेला घड्याळ पुढे केल्यावर पुन्हा अंधार मिळणार होता. पुस्तिकेतल्या दोनशे तासांच्या हिशेबात हे लोक नव्हते.

गंमत म्हणजे अगदी त्याच काळात आपल्या मुंबईतही घड्याळावरून भांडण पेटलं होतं. १ जानेवारी १९०६ पासून भारतात स्टँडर्ड टाइम लागू झाला. त्याआधी मुंबईचा स्वतःचा टाइम होता, तो नव्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. म्हणजे मुंबईकरांना एका फटक्यात ३९ मिनिटं लवकर उठायची सक्ती झाली. गिरणी कामगारांमध्ये असंतोष उसळला. फिरोजशहा मेहतांसारखे वजनदार नेते महापालिकेत विरोधाला उभे राहिले. आणि मुंबईने काय केलं माहितीये? रेल्वे, तार, सरकारी कचेऱ्या नव्या वेळेवर चालल्या, पण शहरातली कित्येक घड्याळं हट्टाने मुंबई टाइमच दाखवत राहिली. हा दुहेरी कारभार पार १९५५ पर्यंत चालला! तिकडे एक बिल्डर घड्याळ पुढे करायला झगडत होता, इकडे एक बॅरिस्टर ते पुढे जाऊ नये म्हणून झगडत होते. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असेल की नाही देव जाणे. पण दोघेही १९१५ मध्येच वारले. विलेट ४ मार्चला आणि मेहता ५ नोव्हेंबरला.

विलेट गेला तो इन्फ्लुएंझाने, वय फक्त ५८. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि कोणाला त्याच्या विधेयकाची आठवण काढायला सवड नव्हती. पण पुढच्याच वर्षी चमत्कार झाला. ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने घड्याळं एक तास पुढे केली. कारण एकच, युद्धासाठी कोळसा वाचवायचा. शत्रूने केलं म्हटल्यावर ब्रिटनला जाग आली. जे पार्लमेंट आठ वर्षं ऐकत नव्हतं, त्याने मे महिन्यात झटपट कायदा केला आणि २१ मे १९१६ ला ब्रिटनमधली घड्याळं पुढे गेली. विलेटला जाऊन चौदा महिने झाले होते. दुसऱ्या महायुद्धात तर आपणही यातून सुटलो नाही. १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं. आपल्या पणजोबांना कोणी विचारलं नव्हतं.

हीच गोष्ट मला विलेटच्या आयुष्यात सगळ्यात बोचते. त्याने आठ वर्षं लोकांना पटवायचा प्रयत्न केला. जबरदस्ती कधी केली नाही, पुस्तिका वाटल्या, भाषणं केली, समितीपुढे उत्तरं दिली. त्या रस्त्याने त्याला यश मिळालं नाही. यश मिळालं ते तोफांच्या आवाजात, घाईघाईत, सामान्य माणसाला न विचारता.

मग खरंच लोकांना विचारलं असतं तर? याचं उत्तर आपल्याला ऑस्ट्रेलियात मिळतं. तिथे हा प्रश्न चक्क सार्वमताला टाकला गेला. न्यू साउथ वेल्सने १९७६ मध्ये आणि साउथ ऑस्ट्रेलियाने १९८२ मध्ये होकार दिला. क्वीन्सलँडने १९९२ मध्ये नकार दिला. पण सगळ्यात भारी गोष्ट वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची. पर्थ हे तिथलं मुख्य शहर. त्या राज्याने १९७५, १९८४, १९९२ आणि २००९ अशी चार वेळा मतं घेतली आणि चारही वेळा लोकांनी नाही म्हटलं! दर वेळी विरोधी मतं ५३ ते ५५ टक्क्यांच्या आसपास. शेवटच्या वेळी तर सरकारने डिसेंबर २००६ पासून तीन उन्हाळे घड्याळ पुढे करून दाखवलं, लोकांना सवय होऊ दिली आणि मग १६ मे २००९ ला विचारलं. तरी ५४.५७ टक्के लोकांचा कौल नाहीच.

ते लोक काही अडाणी नव्हते. पर्थमध्ये घड्याळ सूर्याच्या आधीच पाव तास पुढे आहे. डोक्यावर सूर्य यायला तिथे साधारण सव्वाबारा वाजतात. वर आणखी तास सरकवला की दुपार सव्वा वाजता सुरू! उन्हाळा कडक. ऑफिसवाल्याला कामानंतर बीचवर जायला उजेड हवा असतो, पण ग्रामीण भागातल्या शेतकऱ्याला आणि लहान मुलांना झोपवणाऱ्या आईला सूर्य लवकर मावळून घर थंड व्हायला हवं असतं. एकाच राज्यात दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी राहतात. मतपेटीमुळे निदान ते उघड झालं. ग्रामीण भागात विरोध सगळ्यात जास्त होता.

विजेच्या बचतीचंही तसंच. विलेटचा हिशेब गॅसच्या दिव्यांच्या जमान्यातला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात २००६ पासून सगळीकडे डेलाइट सेव्हिंग लागू झालं, तेव्हा संशोधकांनी घरगुती वीजबिलं तपासली. विजेचा वापर सुमारे एक टक्का वाढलेला निघाला! दिवे कमी जळले, पण संध्याकाळच्या उन्हात एसी जास्त चालले. फॉर्म्युला बरोबर असला तरी इनपुट बदलले की उत्तर बदलतं.

हे सगळं मी आत्ता का लिहितेय? कारण आपल्याकडेही एक छोटं सार्वमत येऊ घातलंय. पुढच्या सेमिस्टरपासून लेक्चर्स नऊऐवजी आठला सुरू करायची सूचना आली आहे आणि त्यावर विद्यार्थ्यांची मतं मागवणार आहेत. हॉस्टेलच्या मैत्रिणी खूश आहेत. दुपारी लवकर सुटायचं, मग प्रोजेक्ट, जिम, गेटचा अभ्यास. त्यांचं काही चूक नाही, त्या विलेटच्याच लेकी! पण मी तालुक्याहून एसटीने येते. आमची पहिली गाडी इथल्या स्टँडवर आठ पस्तीसला पोचते, तीही वेळेवर आली तर. त्या गाडीत या कॉलेजची आम्ही तेवीस जणं असतो. आमच्या आया आत्ताच साडेचारला उठून डबा करतात. वर्गात हात मोजले तर आम्ही नक्की हरणार, कारण हॉस्टेलवाले संख्येने जास्त आहेत.

मी असं म्हणत नाही की बदल नकोच. एसटीची वेळ बदलून घेता आली तर मीच पहिली आठला हजर असेन. दुपारी लवकर घरी पोचायला कोणाला नको? पण दोन गोष्टी कराव्यात. एक, विलेटसारखं हळूहळू जावं. आधी साडेआठ करून बघावं. आणि दुसरं, पर्थवाल्यांसारखं आधी काही आठवडे अनुभव घ्यावा, मग मत द्यावं. म्हणजे ज्याची सकाळ बदलणार आहे तो काय भोगतो ते बाकीच्यांना मत देण्याआधी दिसेल.

विलेट माणूस म्हणून मला आवडला. पैसा, घर, घोडा, सगळं असताना त्याने लोकांच्या थट्टेला तोंड देत आठ वर्षं एका कल्पनेसाठी घालवली. त्यातून त्याला स्वतःला एकही उजेडाची संध्याकाळ मिळाली नाही. पुढे लोकांनी वर्गणी काढून पेट्स वूडच्या जंगलाचा एक भाग विकत घेऊन राखला आणि १९२७ मध्ये तिथे त्याचं स्मारक उभारलं. स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ. ते मुद्दाम उन्हाळी वेळ दाखवेल असं आखलेलं आहे. म्हणजे हिवाळ्यात, ब्रिटनची सगळी घड्याळं मागे गेली, तरी ते एकटं तासभर पुढेच असतं. त्याला विरोधी मतं मोजता येत नाहीत. आपल्याला येतात. तेव्हा फॉर्म हातात आला की टिक करण्याआधी एकदा सकाळी साडेआठला एसटी स्टँडवर चक्कर मारून या, एवढीच विनंती!